खोटं पाणी

“खरं पाणी दाराशी असताना घरात खोटं पाणी वाजवू नकोस,” असं आत्या मला म्हणाल्या होत्या. मी हसून मान डोलावली, आणि त्यांची पाठ वळल्यावर स्पीकरचा आवाज थोडा वाढवला.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. गावात त्यांना सगळे पट्टीआत्या म्हणायचे. आमच्या नदीवर एकाखाली एक असे तीन धबधबे आहेत, थोरला, मधला आणि धाकटा. मधल्याच्या पायथ्याशी खडकाला एक पांढरी पट्टी ठोकलेली आहे, तिच्यावर काळे आकडे. पाणी कुठल्या आकड्यापर्यंत आलंय ते सकाळी सातला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला वाचायचं आणि पाणीखात्याला कळवायचं, हे काम आत्यांनी एकतीस वर्षं केलं. घरापासून पट्टीपर्यंत बेचाळीस पायऱ्या. आजारपणात त्या एकदा बसून बसून उतरल्या होत्या म्हणे, पण वेळ चुकवली नाही.

आमचं घर त्यांच्या घराला लागूनच, मधल्याच्या डोक्यावर. लग्न होऊन तिथे गेले तेव्हा पहिले पंधरा दिवस मला झोप नव्हती. नवऱ्याला विचारलं, हा आवाज बंद कधी होतो? तो म्हणाला, बंद झाला की पळायचं.

मला वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. थोरल्याच्या वर नदी एका चिंचोळ्या घळीतून येते. हिवाळा सरताना, बर्फ सुटायच्या दिवसांत, बर्फाचे तुकडे आणि मोडलेली झाडं त्या घळीत तुंबतात. मग खालचं पाणी आटतं, धबधबे गप्प होतात. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. आणि मग तुंबारा फुटतो, आणि अडलेलं सगळं पाणी एकदम खाली येतं. धबधबा गप्प झाला की नदीच्या काठी कुणी थांबायचं नाही, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत.

पट्टी मात्र अशा जागी आहे की तिथे ते उशिरा कळतं. खडकाच्या आडोशाला एक डोह आहे, पाणी स्थिर असतं म्हणून पट्टी तिथे ठोकली. डोहाचं तोंड अरुंद. बाहेर नदी आटली तरी आत पाणी बराच वेळ तसंच राहतं, आणि मधला तिथून दिसत नाही. थोडक्यात, पट्टीजवळ उभ्या माणसाला कानावरच भिस्त ठेवावी लागते.

आणि आत्यांचे कान गेले होते.

एकदम नाही. धबधब्याशेजारी एकतीस वर्षं, त्याआधी लाकूड कापायच्या कारखान्यात नऊ. मी सून म्हणून आले तेव्हा समोर उभं राहून मोठ्याने बोललं तर त्यांना कळायचं. कानातलं यंत्र आणून दिलं तर त्यांनी ते दोन दिवस लावलं आणि डबीत ठेवलं. कानात भाडेकरू ठेवल्यासारखं वाटतं म्हणाल्या, वर रात्रंदिवस भांडी घासतो. खात्याला हे कळलं असतं तर त्यांचं काम गेलं असतं. म्हणून नवऱ्याने एक युक्ती केली. पायऱ्यांच्या तळाशी, पट्टीच्या अगदी समोर, लोखंडी खांबावर एक लाल दिवा लावला. त्याचं बटण आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी. आत्या खाली असताना घरातल्या कुणीतरी मधल्याकडे कान ठेवायचा. आवाज पडला की बटण दाबायचं. दिवा लागला की आत्यांनी हातातलं टाकून वर यायचं. त्या खाली काम करताना सारख्या दिव्याकडे बघायच्या, आपण आरशासमोरून जाताना बघतो तसं, नकळत.

तीन वर्षं नवरा ऐकत होता. तो कागदाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करतो, तेव्हा त्याची पाळी रात्रीची असायची. आमची मुलगी चिमणी झाली आणि मी त्याच्या मागे लागून पाळी बदलून घ्यायला लावली. रात्री मला एकटीला बाळाबरोबर भीती वाटायची. पहिल्या दिवशी कामावर निघताना त्याने बूट घालता घालता सांगितलं, “सातची आणि सहाची मी बघतो. एकची पट्टी तुझ्याकडे. विसरशील का?”

मी म्हटलं, मी काही विसरते का?

खरंच विसरत नव्हते. बाळाने किती वाजता दूध घेतलं, किती वेळ झोपली, कुठल्या कुशीवर झोपली, सगळं मला तोंडपाठ असायचं. मी पुस्तकं वाचून आई झालेली बाई. चिमणी झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, आणि श्वास लागला तरी खात्री पटेपर्यंत बोट काढायची नाही. त्यात तिची झोप सावध. दार वाजलं की जागी, भांडं पडलं की जागी. तिची खोली घराच्या मागच्या बाजूला, तिथे धबधबा नीट ऐकू यायचा नाही. पण ओट्यापाशी तिला कडेवर घेऊन उभं राहिलं की मधल्याच्या आवाजाने तिचे डोळे मिटायचे. मग मला कल्पना सुचली. एके दुपारी गच्चीत जाऊन मी फोनवर मधल्याचा आवाज घेतला, चांगली चाळीस मिनिटं. तो तिच्या खोलीत छोट्या स्पीकरवर लावला. पोरगी दीड तास झोपली. मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

त्या चाळीस मिनिटांत आत्यांचा आवाजही आला होता. त्या आकडा मोठ्याने वाचायच्या, स्वतःला ऐकू जावा म्हणून. एकोणिसाव्या मिनिटाला, पाण्याच्या आवाजातून, खालून हाळी येते, “एक बावीस!” म्हणजे पाणी एक मीटर बावीसवर. नवरा म्हणायचा, बघ, आपली पोरगी मोजमाप शिकूनच शाळेत जाणार.

आत्यांना स्पीकर दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, त्याची थरथर बोटांना लागली, आणि मी वर लिहिलेलं वाक्य त्या बोलल्या. मी मोठ्याने समजावलं, तिच्या खोलीत खरं पाणी पोचत नाही ना. त्यावर म्हणाल्या, मग शाळेत जाताना नदी दप्तरात घालून देणार का? मी हसले. जुन्या माणसांना नवीन वस्तू नको असतात, एवढाच अर्थ मी काढला. ज्या बाईला स्वतःला ऐकू येत नव्हतं, ती मला ऐकण्याबद्दल काही सांगत होती, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आणि अजून एक वस्तू होती. बाळाच्या खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारा तो जोडसंच. एक डबी पाळण्याशी, दुसरी माझ्याजवळ. ती मी कमरेला लावून फिरायची, ओट्याशी उभी असले तर कानाशी ठेवायची. चिमणीचा श्वास ऐकू यावा म्हणून आवाज पूर्ण मोठा. म्हणजे पाळण्याशेजारी स्पीकरवर मधला वाजतोय, डबी तो उचलतेय, आणि तो माझ्या स्वयंपाकघरात येतोय. थंडी म्हणून खिडक्या बंद. बाहेर खरा मधला, आत माझा. दोन्हीचा आवाज एकच. कुठला कुठून येतोय, याचा मी एकदाही विचार केला नाही.

त्या दिवशी एक वाजायला दहा कमी असताना आत्या खिडकीवर टकटक करून, हाताने ‘खाली जाते’ अशी खूण करून गेल्या. हातात बादली आणि ताठ केसांचा ब्रश होता. पट्टीवर बर्फाचा थर बसला की आकडे दिसत नाहीत, तो घासून काढायचा होता. म्हणजे अर्धा तास तरी. मी मान हलवली. चिमणी नुकतीच झोपली होती. मी भाजी चिरायला घेतली, डबी कानाशी ठेवली. पाणी वाजत होतं. तिचा श्वास मधूनच लागत होता. मला आठवतं, मला अगदी निवांत वाटत होतं. मनात म्हटलं, आज सगळं कसं जागच्या जागी आहे.

डबीतून “एक बावीस” ऐकू आलं. तेही मला खटकलं नाही. इतकी सवय झाली होती.

मग चाळीस मिनिटं संपली. एरवी आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, त्या दिवशी फोनची बॅटरी उतरली असावी. डबी गप्प झाली. माझ्या हातातली सुरी खाली पडली. श्वास थांबला, एवढंच मनात आलं. कुणाचा, ते सांगायची गरज नाही. मी धावत खोलीत गेले. चिमणी गाढ झोपली होती, गाल लाल, मूठ तोंडाशी. मी बोट धरलं. श्वास होता.

आणि तिथे वाकलेली असताना माझ्या लक्षात आलं की घरात कुठूनही आवाज येत नाहीये.

मी स्वयंपाकघरात आले, खिडकीतून बघितलं. मधल्याचा कडा उघडा पडला होता. काळा, ओला, आणि त्यावरून पाण्याच्या दोन बारीक दोऱ्या. किती वेळ झाला होता कोण जाणे. मी बटणाकडे निघाले. तेवढ्यात आतून चिमणी किंचाळून रडली. शांततेने तिला जाग आली होती.

बटण माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी मागे वळले. आधी तिला उचललं.

हे वाक्य मी जवळजवळ वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. तिला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, “झालं झालं” म्हटलं. किती सेकंद गेले असतील? वीस? तीस? मग वर घळीकडून आवाज आला. धबधब्याचा नव्हे, दगड दगडावर गडगडत यावेत तसा. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मधल्याच्या कड्यावरून बर्फ, फांद्या आणि मातीच्या रंगाचं पाणी एकदम कोसळलं. आणि मग, ते कोसळून झाल्यावर, मी बटण दाबलं.

आत्यांना कॉफीवाल्याने वाचवलं. पुलापाशी त्याची टपरी आहे. आवाज पडला तेव्हाच तो बाहेर आला होता, आत्यांना हाका मारत पायऱ्या उतरत होता. पाणी आलं तेव्हा आत्यांनी दिव्याच्या खांबाला मिठी मारली. त्याने त्यांच्या कोटाला धरून ओढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, डाव्या हाताची दोन बोटं बर्फाखाली चेपली होती, ती नंतर काढावी लागली. बाकीची माणसं धावत आली, गिरणीतून नवरा आला, तेव्हा सगळ्यांनी काय बघितलं? लाल दिवा लागलेला होता.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी खात्याचे साहेब आले. सभ्य माणूस, टोपी काढून बसले. दिव्याची सगळी हकिकत त्यांना कळली होतीच, नवऱ्याने सांगितली होती. त्यांनी कागदावर लिहून आत्यांना विचारलं की दिवा कधी लागला. मी चिमणीला घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी होते. ठरवलं होतं, आत्या सांगतील, मग मी सांगेन, आणि जे होईल ते होईल.

आत्यांनी कागद वाचला, साहेबांना परत दिला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, “दिवा वेळेवर लागला होता. मी बघितला. शेवटचे चार आकडे घासायचे राहिले होते, म्हणून थांबले. चूक माझी.”

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. नवऱ्याने कपाळाला हात लावला. आत्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चिमणीकडे बघत होत्या. ती त्यांच्या पांघरुणाचं टोक ओढत होती.

मी तेव्हाही तोंड उघडू शकले असते. साहेबांचं पेन अजून उघडं होतं. मी काय केलं? मी चिमणीच्या हातातून पांघरूण सोडवलं.

त्या खोटं का बोलल्या, याचा मी खूप विचार केला. मला वाचवायला, हे सरळ उत्तर. पण कधी वाटतं, दुसऱ्याच्या कानावर जगणारी म्हातारी म्हणवून घेण्यापेक्षा हट्टी म्हातारी म्हणवून घेणं त्यांना बरं वाटलं असेल. कारण काहीही असो, खोटं त्या एकदाच बोलल्या. ते रोज चालू ठेवलं मी. नवरा म्हणायचा, दिवा दिसूनही वर आली नाही, हिला कुणाची पर्वाच नाही, आपण जिवाचं रान करायचं आणि हिने आकडे घासायचे. मी गप्प. नातेवाईक म्हणायचे, पहिल्यापासूनच आडमुठी. मी गप्प, वर चहा ओतून द्यायची. खात्याने पट्टीजवळ एक यंत्र बसवलं, आपोआप आकडे पाठवणारं. आत्यांना एक शाल आणि एक कागद मिळाला.

सहा महिन्यांनी आम्ही शहरात आलो. आत्यांना बरोबर चला म्हटलं, पण नवऱ्याच्या आवाजात आग्रह नव्हता, आणि त्यांना ऐकू येत नसलं तरी तेवढं कळतच असणार. त्या नाही म्हणाल्या. आमचं घर रिकामं आहे. त्यांच्या बाजूने ऐकणारं आता तिथे कुणी नाही.

चिमणी दोन वर्षांची झाली, अजून त्याच आवाजावर झोपते. दुसरे आवाज लावून बघितले, पावसाचा, समुद्राचा. नाही चालत. रोज दुपारी एकोणिसाव्या मिनिटाला आमच्या शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर आत्या “एक बावीस” म्हणतात, आणि माझी पोर झोपेत कूस बदलते.

मागच्या महिन्यात कॉफीवाल्याचा फोन आला. सहज केला होता. हिवाळ्यात टपरी बंद असते, तरी तो पुलावरून जात असतो. म्हणाला, तुमच्या आत्या अजून पट्टी वाचायला उतरतात. काठी आधी खालच्या पायरीवर टाकायची, मग बसून सरकायचं. एकच्या ठोक्याला. त्याने त्यांना म्हटलं, अहो यंत्र आहे, तर म्हणाल्या, यंत्रावर लक्ष नको का ठेवायला?

फोन ठेवून मी नवऱ्याला सगळं सांगितलं. डबी, बॅटरी, चार पावलं, आधी उचललेलं बाळ, नंतर दाबलेलं बटण. तो जेवत होता. ताट ठेवून आत गेला आणि स्पीकर बंद करून आला. त्या दिवशी चिमणी तशीच झोपली, कुठल्याही आवाजाशिवाय. मला त्याचं भयंकर वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी स्पीकर पुन्हा लागला तो भाग वेगळा.

रविवारी तो एकटाच आत्यांकडे गेला. सहा तासांचा रस्ता, चिमणीला ताप होता म्हणून मी थांबले. खरं म्हणजे तापाचं निमित्त मला बरंच वाटलं. त्याने तळाचा लाल दिवा काढून आत्यांच्या स्वयंपाकघरात, खुर्चीसमोर लावला आणि बटण बाहेर दाराशी, कुणी आलं तर त्यांना कळावं म्हणून. मी सांगितलेलं सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, कागदाची घडी करून चुलीत टाकली आणि म्हणाल्या, “दिवा लागला होता. पोरीच्या जागरणाने तुझ्या बायकोचं डोकं दमलंय. तिच्यावर चिडू नकोस.”

एवढंच. मी इतक्या दिवसांनी ते ओझं त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं, आणि त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही.

नवरा परत आल्यापासून माझ्याशी नीट बोलतो, जरा जास्तच नीट. आम्ही पुढच्या महिन्यात तिघं जाणार आहोत. आत्यांना आणायचं की आपणच तिथे राहायला जायचं, हे अजून ठरत नाही. गिरणीत त्याची जागा भरली गेलीय. तोवर बर्फ सुटायला लागेल. मी त्यांना पत्रं लिहिते. उत्तरात चिमणीचं वजन विचारतात. यावेळी उत्तरच आलं नाही.

बर्फ सुटताना ते तीन धबधबे बघायला पुष्कळ लोक येतात. तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर गाडी पुलाच्या अलीकडे लावा. टपरीवरून डावीकडे वळलं की दोन घरं आहेत, पहिलं बंद असेल, ते आमचं. दुसऱ्याचं दार हिरवं. दार ठोठावून उपयोग नाही. चौकटीच्या उजव्या बाजूला, हाताच्या उंचीवर एक बटण आहे. एक वाजायच्या आधी पोचलात तर बरं. बटण दाबा आणि शेजारच्या खिडकीतून आत बघा. लाल दिवा लागेल. त्याच्यासमोर खुर्चीत एक बाई बसलेल्या असतील, डाव्या हाताला तीन बोटं. काही बोलायची गरज नाही, माझं नाव तर मुळीच सांगू नका. दिवा दिसल्यावर त्या उठून दाराशी येतात का, तेवढं बघा, आणि मला कळवा. आणि खुर्ची रिकामी असेल तर खिडकीशी थांबू नका. आधी मधल्याचा आवाज येतोय का ते ऐका, आणि मग पायऱ्यांवरून खाली बघा.